एक टक्का

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, तिसऱ्या गल्लीत
कांतीभाई मिस्त्रींच्या पॅटर्नशॉपला लागून
माझी आठ बाय दहाची खोली.
पलीकडे ते पंपांचे लाकडी साचे करतात,
अलीकडे मी मेंडोलिन.
मधली भिंत पत्र्याची. त्यांची बँडसॉ सुरू झाली
की माझ्या टेबलावरचा भुसा थरथरतो.

फारूक मीर आला तो नवरात्र संपल्यावर चार दिवसांनी,
बोटांना अजून पट्ट्या.
म्हणाला, नऊ रात्री वायरीतून वाजवतो, दीदी,
मैदानभर ऐकू जातं,
माझं मलाच ऐकू येत नाही.
प्लग नसलेलं एक करून द्या.
पैसे हप्त्याने.

म्हणून मी भोक पोटावरून काढलं
आणि वरच्या कडेला नेलं, डाव्या खांद्याशी,
वाजवणाऱ्याच्या कानाकडे तोंड करून.
बावीस वर्षं पंपांची ड्रॉइंगं काढली मी,
इंपेलरची वक्ररेषा हाताला पाठ;
तीच जरा सैल सोडली, खांदा झाला.

पाठीला तुणी. वरची पाटी देवदाराची,
कुल्लूच्या सॉमिलवाल्याने घोंगडीत गुंडाळून पाठवलेली.
गाठोडं सोडलं आणि खोलीलाच थंडी वाजली.
गळ्यात कार्बनची कांडी,
कारण आठ तारा मिळून ओढतात
एखादा अंगापिंडाने भरलेला माणूस
रात्रंदिवस लोंबकळत असल्यासारखं.

कडेला तीन मिलीमीटर, मध्ये साडेचार.
किसायचं, कॅलिपर लावायचा, टिचकी मारायची.
किसायचं. टिचकी.
जाड असते तोवर पाटी नुसती टक् म्हणते,
घाईतल्या पोस्टमनसारखी.
मग एका दुपारी, कोणत्या ते आधी कळत नाही,
टक् झाल्यावर ती थोडी रेंगाळते.
तिथे हात उचलायचा.
एकदा नव्हता उचलला.
ती पाटी आता चहाच्या कपांखाली असते.

पडद्यांचं गणित सोपं, कंटाळवाणं:
लांबी भागिले सतरा पूर्णांक आठशे सतरा सहस्रांश,
जी उरेल तिला पुन्हा तेच,
पुन्हा तेच, वीस वेळा.
लांबी साडेतीनशे धरली. बारावा पडदा बरोबर मधोमध.
माझी स्टीलपट्टी सापडेना,
कांतीभाईंची मागून आणली,
भिंग डोळ्याला लावून खुणा केल्या.

पौषात तारा चढल्या.
फारूकने ट्यूनर चिकटवला, एकेक पडदा दाबत गेला.
हिरवा. हिरवा. हिरवा.
तोवर माझी पट्टी सापडली होती, पॉलिशच्या डब्यामागे,
सहज मोजलं:
तीनशे साडेत्रेपन्न.
पुन्हा मोजलं.

कांतीभाई पत्र्याआडून हसले,
'अरे हेमांगीबेन, ए तो श्रिंकेजनी पट्टी छे!'
बीड थंड होताना आकसतं, शेकडा एक,
म्हणून साचेवाल्याची पट्टी
पहिल्यापासूनच तेवढं खोटं बोलते.
आणि मी तिनेच मोजलेलं सगळं,
बॉडी, गळा, पडदे, घोडीची जागा.
जाडी तेवढी कॅलिपरची, म्हणून खरी.
बाकी चूक इतकी सारखी वाटली गेली होती
की ट्यूनरला तिचा वासही लागला नाही.

फारूकला सांगितलं.
त्याने मेंडोलिन उलटं केलं, सुलटं केलं.
'मग एक टक्का जादा घेणार?'
मी म्हटलं, बघू.
तो दाराशी स्टुलावर बसला, आमच्याकडे पाठ करून,
मान खाली, कान जवळजवळ भोकावर.
त्याच वेळी पलीकडे बँडसॉ लागली.
मला एक स्वर ऐकू आला नाही.
हात हलताना दिसत होता.
टेबलावर भुसा थरथरत होता,
यंत्राने की त्याने, ते काही कळेना.